निव्वळ वजन

कळमन्याच्या बाजारात माझी केबिन आहे,
धर्मकाट्याच्या डोक्यावर,
लोखंडी जिन्याच्या चौदा पायऱ्या चढून.
रात्रभर संत्र्यांचे ट्रक येतात, काटोलहून, वरुडहून.
भरलेला ट्रक, मग रिकामा ट्रक,
वजाबाकी करून मी शिक्का मारते: निव्वळ वजन.
अठरा वर्षं झाली.
एका किलोचाही वाद माझ्या पावतीवर झाला नाही.

वाद घरी आहे.
न्हाणीच्या दाराशी, काचेचा, चौकोनी,
ऋचिताने पहिल्या पगारातून आणलेला.
कोजागिरीला तो म्हणाला, अठ्ठ्याऐंशी पूर्णांक चार.
दिवाळीला, अठ्ठ्याऐंशी पूर्णांक चार.
आज संक्रांत. तिळगुळाचा डबा मी उघडलेलासुद्धा नाही,
आणि अठ्ठ्याऐंशी पूर्णांक चार.
सेल बदलून पाहिले.
फरशी बदलून पाहिली.
बांगड्या काढून, श्वास सोडून उभी राहिले,
दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखी, चवड्यांवर.

शंभर दिवस दुधी. शंभर दिवस
एकच भाकर, आणि तीही अशी पातळ
की तव्यावरून उचलताना तिची लाज वाटावी.
पारडीच्या मैदानाला रोज सहा फेऱ्या,
थंडीत, कानाला मफलर बांधून,
क्रिकेटवाली पोरं म्हणतात, "मावशी, जरा साइडने."
डॉक्टर गोतमारे म्हणतात, वेळ लागतो.
मोरेश्वर म्हणतात, "काहून जीव जाळून राह्यली?
खा ना एक सांबारवडी."
गरम आहे, कढी आहे सोबत,
आणि त्यांच्या आवाजात माया आहे.
मायेचंच जास्त भ्या वाटतं.

परवा रात्री एम.पी.चा एक ट्रक पावती विसरून निघाला.
हाका मारल्या. इंजिनापुढे माझा आवाज तो काय.
मग उतरले, धावले,
कांद्याच्या गोण्या, झोपलेले हमाल, सालांचा चिखल ओलांडून
थेट दुसऱ्या गेटपर्यंत.
पावती खिडकीतून आत दिली.
इकरामभाई म्हणाले, "मॅडम, आप दौडके आयीं?"
परत येऊन जिना चढले, खुर्चीत बसले,
पुढच्या ट्रकचा नंबर लिहिला.
लिहून झाल्यावर आठवलं, गेल्या साली मी
नवव्या पायरीवर थांबायची,
गज धरून, मोबाइल पाहते आहे असं दाखवत.

तीन वाजता बाजार जरा निवला.
धनलाल काट्यावरचा चिखल खरवडत होता.
चिखल साचला की रिकामा काटाही
चाळीस किलो सांगतो, म्हणून हे रोजचं.
काय वाटलं कोण जाणे, त्याला म्हटलं,
तू वर जा, आकडा वाच.
आणि त्या साठ टनांच्या पोलादावर
मी मधोमध उभी राहिले, चपलांसकट, शालीसकट.
"ऐंशी, बाई!"

इतकी हसले की गोणीवरचं कुत्रं उठून गेलं.
हा काटा वीस-वीस किलोनेच मोजतो,
त्याच्या खालचं त्याला दिसतच नाही.
माझे साडेआठ किलो त्याच्या नजरेतून
अलगद निसटले होते.
धनलालला सांगितलं नाही. तो आनंदात होता.
म्हणाला, "कमी झाल्या जी तुम्ही."

मग उशिरापर्यंत केबिनमध्ये
एक विचार डोक्यातून जाईना:
ह्या एवढ्या मोठ्या काट्याला जर इतकं दिसत नाही,
तर त्या काचेच्या चौकोनाला
काय काय दिसत नसेल.

याचा हिशेब मला येत नाही.
नवव्या पायरीच्या रकान्याला वहीत जागा नाही.
आणि खोटं कशाला बोलू,
मला तो आकडा हलायलाच हवा आहे,
अर्धा किलो तरी, मेल्या, अर्धा किलो.

साडेपाचला पाळी संपली.
ऑटोवाल्याने विचारलं, पारडी?
नाही म्हटलं. चालतेच.
हाताला संत्र्यांच्या सालीचा वास होता,
धुक्यात पुलाचे दिवे अजून चालू होते,
आणि मैदानावर
सहा फेऱ्या बाकी होत्या.